एका पंखाचा पूल

सगळे दात गेलेल्या आजोबांचे बोळके हसणे घरादाराला गोड वाटते. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातांत एकच खिंडार असले, तर ती तोंडावर हात धरून हसावयास शिकते आणि पुढे ती सवय तिच्या स्वभावाचाच भाग होऊन बसते. दंतवैद्यकाच्या व्यवसायात माझी चाळीस वर्षे गेली. दाढदुखीने रात्र रात्र तळमळलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. पण पुढच्या एका दातासाठी मनातल्या मनात झुरणारी माणसे मला त्यांच्याहून अधिक दुःखी वाटली. दुखरी दाढ काढून टाकता येते. नसलेल्या दाताचे दुःख कसे काढावयाचे?

कोणी म्हणेल, त्यात काय मोठेसे? कवळी आहे, पूल आहे. आहेत खरे. पण एका दाताची कवळी म्हणजे टाळूला बिलगून बसणारा एक परका तुकडा. जेवताना तो हलतो आणि रात्री पेल्यात काढून ठेवावा लागतो. पुलाचे म्हणाल, तर नेहमीच्या पुलासाठी दोन्ही बाजूंचे धडधाकट दात चहूबाजूंनी घासून खुंटासारखे करावे लागतात, त्यांवर टोप्या बसवाव्या लागतात आणि त्या दोन टोप्यांच्या मध्ये कृत्रिम दात जोडावा लागतो. असा पूल मजबूत होतो यात शंका नाही. परंतु मधले घर पडले म्हणून शेजारची दोन नांदती घरे सोलून काढावयाची, असा हा व्यवहार आहे. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. शिवाय तरुण वयात दाताच्या आतली नस मोठी असते. घासताना तिला धक्का पोचण्याचे भय असते. जबड्याच्या हाडातच टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभारण्याचा मार्ग स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली माणसावर प्रथम योजिला. पण ज्यांच्या जबड्याची वाढ चालू आहे अशा मुलामुलींना तो सहसा बसवीत नाहीत. वाढीबरोबर भोवतालचे दात सरकतात, आणि स्क्रूवरचा दात मात्र जिथल्या तिथे राहून आखूड दिसू लागतो.

मग राहतो एक मार्ग. शेजारच्या दातांना घासावयाचे नाही. कृत्रिम दाताला दोन्ही बाजूंस धातूचे पातळ पंख करावयाचे आणि ते पंख शेजारच्या दातांच्या पाठीला, जिभेच्या बाजूने, नुसते चिकटवून टाकावयाचे. कल्पना इतकी साधी की ती कोणालाही सुचावी. सारा भार एकाच प्रश्नावर येऊन पडतो : चिकटवावयाचे कशाने, आणि ते टिकावयाचे कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास जेमतेम सत्तर वर्षांचा आहे आणि तो मला नेहमीच मोठा बोधक वाटत आला आहे.

प्रश्न सोपा नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. तोंडासारखी चिकटवण्यास प्रतिकूल जागा दुसरी नसेल. तिथे अहोरात्र ओल. एका घटकेला बर्फाचा गोळा, दुसऱ्या घटकेला वाफाळता चहा. प्रयोगशाळेत डिंकाची परीक्षा घेताना जोडलेले तुकडे ५ अंश आणि ५५ अंश अशा थंड-गरम पाण्यात हजारो वेळा बुडवून काढतात, ते या तोंडाचीच नक्कल म्हणून. आणि त्यावर चावण्याचे घाव.

जुन्या लोकांनी म्हणूनच चिकटवण्याच्या नादी न लागता बांधण्याचा मार्ग धरला. अडीच हजार वर्षांपूर्वी इटलीतले एट्रुस्कन लोक शेजारच्या दातांभोवती सोन्याची पट्टी गुंडाळून तिच्यात नकली दात अडकवीत. एकोणिसाव्या शतकात झिंक फॉस्फेटचे सिमेंट आले. पण ते दाताला खऱ्या अर्थाने चिकटत नाही, फक्त टोपी आणि दात यांच्यामधली फट भरून काढते. टोपी टिकते ती घासलेल्या खुंटाच्या आकारामुळे. दात का घासावे लागत, याचे उत्तर इथे आहे. खरा डिंक नव्हता, म्हणून शेजारच्या दातांना आपले अंग द्यावे लागे.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी गल्लीत कल्हईवाला येई. भांड्याला कथिल लावण्याचे काम क्षणाचे. पण त्याआधी तो भांडे घाशी, तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी. पृष्ठभाग स्वच्छ आणि तयार झाल्याशिवाय कथिल धरत नाही, हे त्याला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. दातांच्या बाबतीत हीच गोष्ट १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी ईस्टमन दंतसंस्थेत तो काम करीत असे. कारखान्यांत धातूवर रंग किंवा रेझीनचा थर चांगला धरावा म्हणून धातू आधी फॉस्फरिक आम्लाने धुतात, हे त्याच्या ध्यानी आले. धातूला जे चालते ते दाताला का चालू नये? त्याने ८५ टक्के तीव्रतेचे फॉस्फरिक आम्ल दाताला अर्धा मिनिट लावले, धुऊन दात कोरडा केला आणि त्यावर ॲक्रिलिकचा थेंब ठेवला. बिनआम्लाच्या दातावरचे थेंब लवकर गळून पडले. आम्ल लावलेल्या दातावरचे कितीतरी अधिक काळ टिकून राहिले.

हे कसे घडते ते पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखविले. दाताचे जे वरचे शुभ्र कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, ते वजनाने ९६ टक्के खनिज असते. लाखो सूक्ष्म खनिज-दांड्या एकमेकींना खेटून उभ्या असाव्यात अशी त्याची रचना. आम्ल या दांड्यांना सर्वत्र सारखे खात नाही. कुठे मध्य खाते, कुठे कडा. त्यामुळे गुळगुळीत कवचावर काही मायक्रॉन खोलीची असंख्य छिद्रे पडतात. पातळ रेझीन त्यांत शिरते, तिथेच कडक होते आणि हजारो बारीक मुळ्यांनी दाताला धरून बसते. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून घेतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त टाकी इथे आम्लाची. या पकडीचे बळ प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे दोन किलो वजनाइतके भरते. नखाएवढ्या जागेवर ते किती होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

बुओनोकोरने सुचविलेले तंत्र लगेच कोणी उचलले नाही. त्या काळचे ॲक्रिलिक कडक होताना फार आकसे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत राफेल बोवेन याने नव्या प्रकारचे रेझीन तयार केले आणि १९६२ साली त्याचे पेटंट त्याला मिळाले. त्यात काचेसारख्या पदार्थाची बारीक पूड मिसळून ते टणक आणि कमी आकसणारे केले. दाताची बाजू आणि डिंकाची बाजू अशी तयार झाली. आता उरली ती धातूच्या पंखाची.

ती बाजू प्रथम पॅरिसच्या ॲलन रोशेट याने १९७३ साली हाताळली. हिरडीच्या रोगाने हलू लागलेले खालचे पुढचे दात एकमेकांना बांधून ठेवावेत, एवढाच त्याचा हेतू होता. त्याने सोन्याची एक पातळ पट्टी ओतली आणि तिला आरपार भोके पाडली. दाताच्या बाजूस अरुंद व जिभेच्या बाजूस रुंद, अशी नरसाळ्याच्या आकाराची. रेझीन या भोकांतून बाहेर येऊन कडक झाले की पट्टी रिव्हेट मारल्यासारखी पक्की बसे. चारच वर्षांनी, १९७७ साली, आयोवा विद्यापीठातील हाऊ आणि डेनेही यांनी हीच युक्ती पुढचा नसलेला दात बसवण्यासाठी वापरली. दात न घासता बसविलेला पूल आता कागदावरून तोंडात आला.

पण या पुलात दोष होते. भोकांमुळे पंख दुबळा होई. पकड फक्त भोकांपुरती, मधल्या धातूला रेझीन धरत नसे. आणि भोकांतून उघडे पडलेले रेझीन जिभेच्या व अन्नाच्या घर्षणाने झिजत जाई. पूल सुटत. आता चिकटण्याचे बळ वाढवावयाचे, तर ते दाताच्या बाजूने नव्हे, धातूच्या बाजूने वाढवावयास हवे होते.

बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठातील गस लिव्हाडिटिस आणि व्हॅन थॉम्प्सन यांनी १९८२ साली जे केले ते बुओनोकोरच्या विचाराचे जणू दुसरे पाऊल होते. दाताला आम्लाने खरबरीत करता येते, तर धातूलाही का करू नये? निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा पंख आम्लात बुडवून त्यांनी त्यातून वीज सोडली. मिश्रधातूतला एक घटक लवकर विरघळतो, दुसरा मागे राहतो. आणि पंखाचा सबंध आतला पृष्ठभाग सूक्ष्म खळग्यांनी भरून जातो. आता भोकांची गरज उरली नाही. पंख पातळ पण अखंड राहिला आणि रेझीनला सगळीकडे पकड मिळाली. या पुलाला ‘मेरीलँड ब्रिज’ असे नाव पडले. आम्ही मुंबईत विद्यार्थी असताना हे नाव नव्या सिनेमाच्या नावासारखे तोंडोतोंडी झाले होते.

तरी उणीव होतीच. ही वीज सोडण्याची क्रिया फार नाजूक. आम्ल, वीज आणि वेळ यांत थोडे इकडे तिकडे झाले की खळगे बिघडत. त्यावर बोटाचा ठसा किंवा लाळेचा थेंब लागला तरी श्रम वाया. ज्या मिश्रधातूत हे काम उत्तम होई त्यात बेरिलियम असे, आणि त्याची धूळ प्रयोगशाळेतल्या कारागिरांच्या फुप्फुसांना घातक. व्हर्जिनियातल्या मून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच सुमारास एक घरगुती वाटावी अशी तोड काढली. पंखाचा साचा करताना त्याच्या आतल्या बाजूस मिठाचे खडे पेरावयाचे, नंतर साचा पाण्यात ठेवून मीठ विरघळवून टाकावयाचे, आणि उरलेल्या खळग्यांसकट धातू ओतावयाचा. ना वीज, ना आम्ल. स्वयंपाकघरातले मीठ दंतवैद्यकाच्या इतिहासात असे एकदा येऊन गेले.

खरा पालट जपानातून आला. इथवर सगळे जण पृष्ठभाग खरबरीत करून रेझीनला अडकवून ठेवीत होते. धातूशी रासायनिक नातेच जोडील असा डिंक का करू नये, हा विचार जपानी रसायनशास्त्रज्ञांनी केला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी दुसरा, असे दोन नवे रेणू त्यांनी घडविले. दुसऱ्याचे एक टोक फॉस्फेटचे. ते धातूवरच्या ऑक्साइडच्या थराला आणि दातातल्या कॅल्शियमला धरते. दुसरे टोक रेझीनमध्ये मिसळून जाते. कुरारे या कंपनीने १९८३ साली ‘पॅनाव्हिया’ नावाने हा डिंक बाजारात आणला. १९२६ साली कृत्रिम रेशीम काढण्यासाठी ही कंपनी स्थापन झाली होती, हे सांगितले तर वाचकांना मौज वाटेल. या डिंकाची एक खोडही सांगण्यासारखी आहे. हवेतला प्राणवायू लागत असेतो तो कडक होत नाही. म्हणून पंख बसविल्यावर त्याच्या कडेला हवा अडविणारा लेप लावून ठेवावा लागे.

आता पंखावर फक्त ॲल्युमिनाच्या ५० मायक्रॉनच्या कणांचा फवारा मारला की काम भागू लागले. सोन्याच्या पंखांचे मात्र अवघड होते. सोने गंजत नाही हा त्याचा मोठेपणा. पण गंज नाही म्हणजे ऑक्साइडही नाही, आणि डिंकाला धरावयास काही नाही. मग सोन्यावर विजेने कथिलाचा पातळ थर चढवू लागले. कल्हईवाल्याने हे ऐकले असते तर त्याला नवल वाटले नसते.

इथे माझी कथा संपावयास हवी होती. दाताला आम्लाने टाकी लावली, धातूला फवाऱ्याने, आणि दोहोंना धरणारा रेणू मिळाला. प्रयोगशाळेत पंख ओढून काढावयाचा म्हटले तर पुष्कळदा दाताचे कवच आधी तुटे. तरीही माणसांच्या तोंडातले पूल सुटतच राहिले. २००८ साली प्येटुर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरची निरीक्षणे एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा पाच वर्षांत ८७.७ टक्के पूल तोंडात टिकलेले आढळले खरे. पण त्याच पाच वर्षांत १९.२ टक्के पुलांची पकड एकदा तरी सुटलेली होती. म्हणजे पाचांतला जवळजवळ एक.

पकड का सुटते, हे मला पुस्तकापेक्षा एका शिक्षिकाबाईंनी अधिक चांगले शिकविले. त्यांचा पूल दुसऱ्या गावी बसविलेला होता, त्याला दहा-अकरा वर्षे झालेली. “डॉक्टर, पूल अगदी घट्ट आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्या मागे काहीतरी कुबट चव येते.” मी आरशाने पाहिले. सुळ्यावरचा पंख खरोखरच घट्ट होता. पुढच्या मोठ्या दातावरचा मात्र केव्हाच सुटला होता, आणि त्याच्या आड अन्नाचा गाळ साचून तो दात पाठीमागून पोखरला गेला होता. वरून काहीच दिसत नव्हते. जो दात घासावा लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तोच दात गेला होता. मी त्यांना हे सांगितले तेव्हा बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सबंध पूलच पडला असता, तर मी त्याच दिवशी आले असते हो.”

या वाक्यात सगळे आले. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो; सूक्ष्म तंतूंच्या झोळीत तो लोंबत असतो आणि चावताना किंचित हलतो. सुळा आपल्या दिशेने हलतो, पटाशीचा दात आपल्या दिशेने. दोघांना एका ताठ धातूने जखडले की प्रत्येक घासाला ते एकमेकांना ओढतात, आणि ज्याची पकड किंचित कमी तो पंख एक दिवस सुटतो. दुसरा पंख जितका मजबूत, तितका पूल जागेवरच राहतो आणि तितकी सुटलेल्या पंखाखालची कीड लपून राहते. चिकटण्याचे बळ वाढवीत नेले, ते इथे उलटे अंगावर आले.

यावरचा उपाय चिनीमातीच्या पुलांनी दाखवून दिला. जर्मनीत १९९०च्या सुमारास मथियास केर्न आणि त्यांचे सहकारी धातूऐवजी कठीण चिनीमातीचे दोन पंखांचे पूल बसवीत होते. त्यांतल्या काहींचा एक सांधा मोडला. पण उरलेल्या एकाच पंखावर कृत्रिम दात वर्षानुवर्षे मजेत टिकून राहिला. मग केर्न यांनी मुद्दामच एका पंखाचे पूल बसविण्यास सुरुवात केली. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे : पाच वर्षांनी दोन पंखांचे ७३.९ टक्के पूल टिकले, आणि एका पंखाचे ९२.३ टक्के. रुग्णांची संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती. इंग्लंड-आयर्लंडमध्ये धातूच्या एकपंखी पुलांचाही अनुभव याच बाजूचा आला. पुढे झिर्कोनियाचे पूल आले. या पदार्थावर आम्लाचा उपयोग होत नाही, पण कणांचा हलका फवारा आणि तोच जपानी फॉस्फेटचा रेणू यांनी तोही नीट धरतो.

एक पंख आणि तरीही अधिक टिकाऊ, हे प्रथम ऐकणाऱ्यास पटत नाही. पण एकच दात धरला तर ओढाताणच उरत नाही. कृत्रिम दात त्या दाताबरोबर हलतो. आणि समजा पकड सुटलीच, तर सबंध पूल हातात येतो. मनुष्य धावत दवाखान्यात येतो; दात निरोगी असतो, आणि पुष्कळदा तोच पूल साफ करून पुन्हा चिकटविता येतो. हा काही सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. सलग दोन-तीन दात नसतील, आधाराचा दात हलत असेल, किंवा झोपेत कराकरा दात खाण्याची सवय असेल, तर दुसरा विचार करावाच लागतो. पण पुढचा एकच दात नसेल, तर आज मी प्रथम याच पुलाचे नाव घेतो.

सत्तर वर्षे शास्त्रज्ञांनी बळ वाढविले : दातावर, धातूवर, डिंकात. त्यांतले एकही वर्ष वाया गेले नाही; त्या बळाखेरीज एका पंखावर दात टांगण्याचे धाडसच कोणाला झाले नसते. परंतु ते बळ कामी आले केव्हा, तर दोन शेजाऱ्यांना जखडून ठेवण्याचा हट्ट सोडला तेव्हा. आम्लाच्या एका थेंबापासून निघालेला हा इतिहास मला म्हणून आवडतो, की त्याने शेवटी जपला तो डिंक नव्हे, शेजारचा न घासलेला दात.

ज्यांच्या तोंडात असा पूल आहे त्यांना एका जुन्या दंतवैद्याची विनंती आहे. दर सहा महिन्यांनी तो दाखवून घ्यावा, विशेषतः दोन पंखांचा असेल तर. वर्षांमागून वर्षे काही वाटले नाही, म्हणून सारे ठीकच असेल असे धरून चालू नये. आणि कधी तो सुटून हातात आलाच, तर भिऊ नये. तो फेकू नये, टाचणीने खरवडू नये, घरातल्या डिंकाने तर मुळीच चिकटवू नये. एका डबीत घालून दंतवैद्याकडे घेऊन जावा. कल्हईवाला करी तेच तो करील : आधी पृष्ठभाग तयार करील, आणि मग जोडील.